गोविंदाची बॅटरी

भिवाजी पट्टेबहादूर यांच्या दुकानात बॅटरी भरायला चोवीस तास लागत. मंगरूळपीरच्या एसटी स्टँडसमोर चार्जिंगचं दुसरं एक दुकान होतं. तिथे सहा तासांत बॅटरी मिळे. घाईतले लोक तिकडे जात. मग आठ दिवसांत त्यांची जीप पुन्हा ढकलावी लागे. पुढच्या खेपेला ते भिवाजींकडे येत आणि मुकाट्याने थांबत.

दुकान कारंजा रोडवर होतं. चार पत्रे, पुढे बोरीचं झाड, आत भिंतीशी लाकडी फळ्या. फळ्यांवर बॅटऱ्यांची रांग. कोपऱ्यात चार्जर दिवसभर घुमत असे. बॅटऱ्यांची झाकणं काढून ठेवलेली असत आणि आत तेजाबाचे बारीक बुडबुडे फुटत. त्या वासाने नवख्या माणसाला ठसका लागे. भिवाजींच्या प्रत्येक सदऱ्याला गुडघ्यापासून छातीपर्यंत भोकं होती. तेजाबाचा थेंब उडाला की तिथलं कापड दुसऱ्या धुण्यात गळून पडे.

"भिवाजीदादा, तुमच्या सदऱ्यातून चहा गाळून घेऊ काय?" शेजारी चहाचं दुकान चालवणारी भुरीबाई विचारी.

"घे. पण मंग पेणाऱ्याच्या पोटाले भोकं पडतीन," भिवाजी म्हणत. हसत मात्र नसत.

आधी ते पूर्णा जंक्शनला रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार, होते. रेल्वेच्या डब्याखाली दिव्यांसाठी बॅटऱ्या असतात. त्यांत पाणी भरायचं, त्या पुसायच्या, बसलेली काढून भरलेली लावायची, हे काम त्यांनी बावीस वर्षं केलं. एकदा गाडी सुटायला आली होती आणि फोरमन ओरडत होता, म्हणून त्यांनी अर्धी भरलेली बॅटरी लावली. अख्खा डबा वाशीमच्या पुढे अंधारात गेला. त्यांना मेमो मिळाला. मेमोचं त्यांना काही वाटलं नाही. पण त्या डब्यात एक बाई तान्हं मूल घेऊन बसली होती, ती त्यांना चढताना दिसली होती. अंधारात तिने काय केलं असेल, हे ते मला पुढे दोनतीनदा बोलले. त्या दिवसापासून अर्धी भरलेली बॅटरी त्यांच्या हातून बाहेर गेली नाही. तो नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला होता.

पूर्णेलाच त्यांची बायको वारली. ते मुलाला घेऊन मुलखात परत आले आणि हे दुकान टाकलं.

माझी त्यांची ओळख त्र्याहत्तर साली झाली. मी अकोल्याहून मराठी घेऊन बी. ए. झालो होतो. नोकरी नव्हती. घरात बसवत नसे म्हणून स्टँडकडे येऊन बसायचो. एक दिवस दुकानासमोर दोन ड्रायव्हर एका बॅटरीवरून भांडत होते. दोघांनीही तीच आपली म्हणून धरली होती. भिवाजी खडूने नाव घालत, पण तेजाबाच्या ओलीने खडू पुसून जाई.

"ऑइलपेंटने घाला," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हात चांगला हाये काय तुमचा?"

"बरा आहे."

"शिकले किती?"

"बी. ए."

"मंग तं बरा असनच," ते म्हणाले. त्यांनी मला ब्रश आणून दिला. त्या दिवसापासून मी त्यांचा 'बीए' झालो. स्टँडवरचे हमालही मला तसंच हाक मारू लागले. चार वर्षं कॉलेजात घालवून मी बॅटऱ्यांवर नावं लिहीत होतो. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तिथे कोणी माझ्याकडे नोकरीचं काय झालं म्हणून विचारत नसे.

दुकानाची पाटीही मीच रंगवली. त्यांनी मजकूर सांगितला. 'तीस दिवसांत न नेलेल्या बॅटरीस आम्ही जबाबदार नाही.' नियम जुनाच होता आणि ते तो पाळत. एकतिसाव्या दिवशी बॅटरी फोडून शिसं भंगारात जाई. गयावया करणाऱ्यालाही ते पाटी दाखवत.

बोलणं कमी. गिऱ्हाईक आलं की ते काचेची नळी घेत. तिच्या डोक्यावर रबरी फुगा, पोटात तरंगणारा काटा. फुगा दाबून सोडला की तेजाब नळीत चढे. काटा बाराशे साठवर तरंगला तर बॅटरी भरलेली. अकराशेच्या खाली बुडाला तर मेलेली. ते एकदाच पाहत आणि दोनपैकी एक शब्द बोलत. "उठते." नाहीतर "गेली."

"पहा ना काका, काही होते काय," असं कोणी म्हटलं तर त्यांना राग येई.

"पाह्याचं काय त्याच्यात? पाहू म्हणणारा फसवते तुमाले. गेली म्हणजे गेली."

एक दिवस नावं घालून झाली. ते म्हणाले, "अजून एक हाये."

सगळ्यात मागच्या फळीवर, सरकीच्या पोत्याने झाकलेली, एक बॅटरी एकटीच होती. त्यांनी पोतं काढलं. बॅटरी इतकी स्वच्छ होती की मी दचकलो. दुकानातल्या बाकी बॅटऱ्यांना पांढरा बुरा धरलेला असे. हिच्या दोन्ही टोकांना ग्रीस होतं, अंगावर धुळीचा कण नव्हता. बाजूला जुनं नाव अर्धं उडालेलं. फक्त 'गोविं' वाचता येत होतं.

"गोविंदा लिहा," ते म्हणाले.

"कोणाची आहे?"

"पोराची."

"कधी नेणार?"

त्यांनी रंगाचा डबा माझ्यापुढे सरकवला. मी नाव लिहिलं. रंग वाळेपर्यंत ते तिथेच उभे होते.

हकीकत मला भुरीबाईकडून कळली. तिला विचारावं लागलं नाही.

गोविंदा बबनरावांच्या जीपवर ड्रायव्हर होता. बबनराव मोठे शेतकरी. जीप त्यांची, पण बॅटरी गोविंदाची. जुनी बॅटरी सारखी बसायची आणि मालक नवी घेऊन देईना. शेवटी गोविंदाने पहिल्या दोन पगारांतून अकोल्याहून नवीकोरी आणली. बापाला दाखवायला आधी दुकानात आणली आणि मग जीपला लावली.

एकाहत्तरच्या लग्नसराईत बबनरावांच्या पुतणीचं लग्न होतं. नवरदेवाकडची माणसं कारंज्याहून आणायची होती. रात्री कोणीतरी जीपचे दिवे चालू ठेवले आणि बॅटरी बसली. सकाळी दहाला गोविंदाने ती बापाकडे आणून लावली. दुपारी तीनला तो न्यायला आला.

"उद्या दहाले ने," भिवाजी म्हणाले.

"बाबा, आज लगन हाये!"

"मंग लगन उद्या ठिवाचं व्हतं."

"अर्धी भरली असन ना? कारंज्याले जाऊन याले अर्धी लय झाली."

"अर्धी मी देत नाई."

"मी काय गिऱ्हाईक हावो काय?"

"गिऱ्हाईकालेही देत नाई, तुलेही देत नाई."

भुरीबाई म्हणाली, तिने स्वतः मध्ये पडून पाहिलं. भिवाजी ऐकेनात. स्टँडसमोरच्या दुकानाला त्या दिवशी कुलूप होतं. जीप निघाली नाही. पाहुणे एसटीने आले, घामाघूम, उशिरा. बबनरावांनी गोविंदाला मांडवाच्या तोंडाशी उभं करून सगळ्यांसमोर सुनावलं. त्याला, त्याच्या बापाला, त्याच्या जातीला. काय बोलले ते भुरीबाईने मला सांगितलं नाही. "तोंडातून काढाचं नाई असं बोलला तो," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी गोविंदा दुकानात आला. हातात पिशवी. त्याने बॅटरीकडे पाहिलं.

"ठेवा आता," तो बापाला म्हणाला. "भरू द्या चांगली. येतो घ्याले."

आणि अकोल्याच्या एसटीत चढला.

दुसऱ्या दिवशी दहाला बॅटरी पूर्ण भरली. काटा बाराशे साठवर. भिवाजींनी ती पुसून पुढच्या फळीवर ठेवली. महिनाभर ती पुढेच होती. एकतिसाव्या दिवशी त्यांनी ती उचलली आणि मागे नेली.

भरलेली बॅटरी नुसती ठेवून भागत नाही. हे मला त्यांच्याकडूनच कळलं. नुसती ठेवली की ती आतल्या आत उतरते, प्लेटांवर पांढरं धरतं आणि सहा महिन्यांत मरते. तिला थोडं वापरावं लागतं आणि पुन्हा भरावं लागतं. म्हणून दर पुनवेला आणि अवसेला, दिवेलागणीला, भिवाजी त्या बॅटरीला जीपच्या दिव्याचा बल्ब जोडत. बल्ब पाटावर ठोकलेला होता. तो लागला की दुकान एका बाजूने पांढरं होई. ते समोर पेटीवर बसत. अडीचतीन तास. अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, हा त्यांचा नियम. नळी घालून मधूनमधून पाहत. काटा खुणेवर आला की बल्ब काढत आणि बॅटरी चार्जरला लावत. पुन्हा चोवीस तास.

पुनवेला ते सकाळी विहारात वंदनेला जाऊन येत. अवसेला कुठेच जात नसत.

मी कधी त्या वेळी तिथे असलो तर बोलणं होत नसे. बल्बभोवती पाकोळ्या येत. एकदा मी विचारलं, "काका, या उजेडात काही वाचून दाखवू का?"

"नको," ते म्हणाले. "उजीड त्याचा हाये."

त्या उजेडात त्यांनी कधी हातातलं कामही केलं नाही.

उन्हाळ्यात ते बॅटरीभोवती ओलं पोतं गुंडाळत. आमच्याकडचं वैशाखाचं ऊन पत्र्यातून उतरतं. उन्हाने बॅटरी म्हातारी होते, ते म्हणत. फरशीवर त्यांनी ती कधी टेकवली नाही. फरशी बॅटरी पिऊन टाकते, असा पूर्णेच्या फोरमनचा समज होता आणि तो त्यांनी उचलला होता. पाणी फक्त डिस्टिलचं. ते अकोल्याहून काचेच्या बरणीत येई. एकदा बरणी फुटली आणि पाणी संपलं. त्यांनी विहिरीचं पाणी घातलं नाही. एसटी ड्रायव्हरच्या हातापाया पडून दुसऱ्या दिवशी बरणी मागवली. बाकी गिऱ्हाइकांच्या बॅटऱ्या त्या दिवशी तशाच राहिल्या. गोविंदाच्या बॅटरीत तेवढं पाणी होतं. तरी ते बेचैन होते.

गोविंदाची खबर मधूनमधून येई. कोणी अकोल्यात पाहिला. मग कोणी जालन्यात. शेलूबाजारचा एक ट्रकवाला म्हणाला, जालन्याच्या स्टँडवर भेटला, चहा पाजला, बरा आहे.

"जाऊन या ना," मी म्हणालो. "जालना काही लांब नाही."

"अन् मी तिकडं असताना तो इकडं आला तं?"

"भुरीबाई सांगेल त्याला."

"दुकान बंद पाहून तो भुरीबाईकडं जाईन काय? सिद्धा परत जाईन."

ते कुठेच जात नसत. सख्ख्या भाच्याच्या लग्नाला गेले नाहीत. गावाकडे बहीण आजारी होती, तिला पाहायला गेले ते सकाळच्या एसटीने, आणि दुपारच्या एसटीने परत. बहिणीने जेवायचा आग्रह केला तर म्हणाले, बॅटरी चार्जिंगला लावून आलोय. खोटं होतं ते. त्या दिवशी वीजच नव्हती.

शहात्तर साली मला शेलूबाजारच्या शाळेत नोकरी लागली. मी शनिवारी दुपारी मंगरूळला येऊ लागलो. दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस आलो तर दुकानाच्या दाराची फळी ओढलेली. आतून उजेड. मी ढकलून आत गेलो.

भिवाजी स्टोव्ह पेटवून बसले होते. गोविंदाची बॅटरी त्यांच्यापुढे उघडी होती. वरचं काळं डांबर तापवून काढलेलं. सहापैकी दोन खणांतून त्यांनी प्लेटा ओढून बाहेर काढल्या होत्या. प्लेटा सडून मऊ झाल्या होत्या, बोट लावलं की चिखलासारख्या गळत. शेजारी वर्तमानपत्रावर नव्या प्लेटा होत्या.

"हे काय?" मी म्हणालो.

"तीन-साडेतीन वर्षं चालते बॅटरी. लय झालं तं चार." त्यांनी मान वर केली नाही. "तुमाले काय वाटलं, पुसून पुसून चालून राह्यली?"

मला खरंच तसं वाटलं होतं.

"म्हणजे याआधीही..."

"चार खण मांगंच बदलले. हे दोन राह्यले व्हते."

मी त्या खोक्याकडे पाहत राहिलो. सहाही खण नवे. तेजाब नवं. झाकणं त्यांनी मागच्या साली बदललेली मी पाहिली होती. वरचं नाव माझ्या हातचं, तेही तीनदा गिरवलेलं.

"काका, मग यात गोविंदाचं राहिलं काय?"

त्यांनी नवी प्लेट खणात सरकवली. नीट बसली का ते पाहिलं.

"सा वर्षं व्हत आली," ते म्हणाले. "तो तरी तसाच असन काय?"

मी साहित्य शिकलो होतो. परीक्षेत मानवी मनावर पानंच्या पानं लिहिली होती. त्या दिवशी मी स्टोव्हला हवा मारत बसलो.

अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यात गोविंदा आला.

मला सुट्टी होती. मी दुकानात एका बॅटरीवर नाव घालत होतो. दुपारचे दोन वाजले असतील. रस्त्यावर चार हमाल एक जीप ढकलत आणत होते. जीपवर जालन्याच्या कुठल्याशा बियाण्याच्या कंपनीचं नाव होतं. आत एक साहेब डोक्याला रुमाल बांधून बसला होता. ड्रायव्हर खाली उतरला. तिशीचा, अंगाने भरलेला, डोळ्यांवर काळा चष्मा. मी त्याला ओळखत नव्हतो.

भिवाजी उभे राहिले. गिऱ्हाइकासाठी ते कधी उठत नसत. मला कळलं.

"बाबा," तो म्हणाला.

"हं."

"बॅटरी बसली."

"आन इकडं."

एवढंच झालं. त्याने बॅटरी काढून आणली. भिवाजींनी नळी घातली. मी वाकून पाहिलं. काटा तळाला होता. अकराशेच्या कितीतरी खाली. तेजाब गढूळ, चहासारखं. दुसऱ्या कोणाची असती तर त्या बॅटरीला ते एकच शब्द बोलले असते, "गेली." त्यांनी नळी धुऊन ठेवली.

"चोवीस तास लागतील," मी म्हणालो.

कोणी विचारलं नव्हतं. माझं मलाच नवल वाटलं.

"हे कोण?" गोविंदाने विचारलं.

"बीए हायेत," भिवाजी म्हणाले.

"उद्या दोन वाजता मिळेल," मी म्हणालो. "साहेबांना रेस्ट हाऊसला सोडा. तिथे पंखा आहे. तुम्ही थांबा आजचा दिवस."

"यवतमाळले पोचवाचं हाये त्याहिले, संध्याकाळपर्यंत," गोविंदा म्हणाला. पण तो हलला नाही. त्याने चष्मा काढला. समोर स्टँडपलीकडे दुसरं दुकान उघडं होतं, सहा तासांचं, तिथे भाड्याने बॅटरीही मिळे. तिकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. तो बापाकडे पाहत होता.

जीपमधून साहेब ओरडला, "ड्रायव्हर, किती वेळ?"

"इचारून राह्यलो साहेब," गोविंदा म्हणाला. आणि खालच्या आवाजात बापाला, "काय करू, बाबा?"

तो थांबायला तयार होता. मला आजही तसंच वाटतं. 'उद्या' या एका शब्दाचं काम होतं. तो शब्द तर या दुकानाचा नियम होता. भिवाजींना खोटंही बोलावं लागणार नव्हतं.

भिवाजी मागे वळले. मागच्या फळीवरचं ओलं पोतं काढलं. पुनव होऊन दोनच दिवस झाले होते. त्यांनी बॅटरी छातीशी धरून उचलली. मी हात द्यायला गेलो तर त्यांनी कोपराने मला बाजूला सारलं. त्रेसष्ट वर्षांचा माणूस. ती बॅटरी त्यांनी एकट्याने जीपपर्यंत नेली.

"हे घे," ते म्हणाले. "भरेल हाये."

गोविंदाने नाव वाचलं. बोटाने रंग चाचपला.

"हे तेच?"

"हं."

"सात वर्षं... हे तं केवाची गेली असन, बाबा."

"लावून पाह्य."

आतले सगळे खण नवे आहेत, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. भिवाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं.

गोविंदाने बॅटरी बसवली. बटण दाबलं. जीप पहिल्याच झटक्याला सुरू झाली. हमाल ओरडले. साहेब म्हणाला, "वा! कमाल आहे बुवा म्हाताऱ्याची!" भुरीबाई चहा घेऊन धावत आली. गोविंदाने तो उभ्याउभ्याच प्यायला, जीपच्या दाराला हात लावून. इंजिन चालूच होतं.

"जालन्यालेच असतोस?" भिवाजींनी विचारलं.

"हो. खोली घेतली हाये. लगन केलं. कळवाचं राहून गेलं." तो बशीत पाहत होता. "पोरगी हाये एक. तीन वर्षांची."

"बरं."

"बबनराव हाये काय अजून?"

"हाये."

"ड्रायव्हर," साहेब म्हणाला.

गोविंदाने कपबशी भुरीबाईला दिली. जुनी बॅटरी दुकानाच्या दाराशी तशीच होती. त्याने तिच्याकडे बोट केलं.

"हे राहू द्या. येतो घ्याले."

जीप कारंज्याकडे निघाली. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही तिघंही उभे होतो. अर्धा तास झाला असेल सगळा मिळून.

"पोरीचं नाव काय म्हणे?" भुरीबाईने विचारलं.

भिवाजी तिच्याकडे वळले.

"इचारलंच नाई," ते म्हणाले.

भुरीबाई कपबशी धुवायला निघून गेली.

मला राग आला होता. माझा काही संबंध नव्हता, तरी आला होता. सात वर्षं हा माणूस एका दिवसाची वाट पाहत होता. दिवस दारात उभा राहिला तर त्याने तो स्वतःच्या हाताने परत पाठवला.

"तुम्ही त्याला थांबवलं का नाही?" मी म्हणालो. "तो थांबला असता. तुम्ही नुसतं उद्या दोनला ने म्हणायचं होतं."

ते पेटीवर बसले. हाताला ग्रीस लागलं होतं, ते चिंधीने पुसू लागले. एकेक बोट.

"मांगच्या खेपेले थांबवलं व्हतं," ते म्हणाले.

मी रस्त्याकडे पाहत राहिलो. मागच्या खेपेला त्याला जायचं होतं आणि यांनी थांबवलं. या खेपेला तो थांबायला आला होता. हे त्यांना सांगावं असं वाटलं. त्यांना कळलं नसेल का? की कळूनच त्यांनी तसं केलं? त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही वाचता आलं नाही. तेव्हाही आणि आजही नाही.

थोड्या वेळाने ते उठले. दाराशी पडलेली बॅटरी उचलून आत आणली. वरचा बुरा सोड्याच्या पाण्याने धुतला. झाकणं काढली. डिस्टिलचं पाणी भरलं. मी पाहत होतो. ती बॅटरी बाजूने फुगलेली होती, प्लेटा आत एकमेकींना टेकल्या होत्या. ती गेली होती, हे पाच वर्षं नावं घालून मलाही कळत होतं.

त्यांनी ती मागच्या फळीवर ठेवली. रिकाम्या जागी. चार्जरच्या वायरी लावल्या.

"बीए, नाव घाला."

"ही कंपनीची आहे, काका."

"त्याचं घाला."

मी रंग ढवळला. 'गो' काढला, 'विं' काढला. हात ठीक चालत होता. बॅटरीतून बुडबुड्यांचा आवाज यायला हवा होता. मी कान देऊन ऐकलं. आला नाही.

"काका," मी म्हणालो, "उठेल का ही?"

त्यांनी ओलं पोतं झटकलं. बॅटरीभोवती गुंडाळलं. नावाच्या बाजूने थोडं खाली दुमडलं, ओला रंग पुसू नये म्हणून.

"पाहू," ते म्हणाले.